आसूदच्या चढाला बंद पडणारी स्प्लेंडर

गाडी माझी नाही, आमच्या चुलत दादाची. हिरो होंडा असतानाची स्प्लेंडर, २००१ ची, ९७.२ सीसी, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली, मागे लोखंडी कॅरियर आणि त्यावर माशांचा क्रेट. दादा हर्णैच्या बंदरावर लिलावात माल उचलतो आणि आसूद, गिम्हवणे करत दापोलीपर्यंत दारोदार विकतो. म्हणजे रोजची सुरुवात समुद्राला पाय लावून आणि शेवट वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, मध्ये आसूदचा चढ आणि मागे बर्फासकट चाळीस-पन्नास किलो वजन. गाडी बंद पडली तर नुसती गाडी बंद पडत नाही, बर्फ वितळायला लागतो, आणि दुपारनंतर नरम पडलेला बांगडा कोण घेणार.

मी मेकॅनिक नाही. आयटीआयला डिझेल मेकॅनिक एक वर्ष केलं आणि सोडलं, पण कार्बेटर उघडायला हात थरथरत नाही एवढंच. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात आम्ही सगळेच्या सगळे चुकलो, मी तर दोनदा, आणि चुकलो ते का हे नंतर बघितलं तर फार सोपं होतं.

जून-जुलै मासेमारी बंद, त्यामुळे गाडी दोन महिने पडवीत उभी. ऑगस्टमध्ये काढली तर किक मारून मारून दादाचा पाय गेला. चोक ओढला की चालू व्हायची, चोक सोडला की फुस. रेस धरून ठेवली तर चालायची, सोडली की बंद. हा झाला पहिला आजार आणि हा खरोखरच कार्बेटरचा होता, त्यात वाद नाही. कार्बेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, त्यात दोन जेट असतात, म्हणजे बारीक भोकाचे पितळी तुकडे, मोठा आणि छोटा. गाडी नुसती उभी राहून फटफटत असते किंवा ॲक्सिलरेटर अगदी थोडा पिळलेला असतो तेव्हा पेट्रोल येतं ते छोट्यातून, म्हणजे स्लो जेटमधून, आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. दोन महिन्यांत खालच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहतो तो चिकट पिवळा थर, त्यात आमच्याकडची खारी दमट हवा, पितळेवर हिरवं आणि ॲल्युमिनियमवर पांढरी पूड चढते. त्यातून आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात उभ्या गाडीला हे अजिबात मानवत नाही. त्या बारीक भोकाला एवढं पुरे आहे.

बाजारातल्या एका गॅरेजवाल्याने कार्बेटर उतरवला, पेट्रोलने धुतला, हवा मारली, दीडशे घेतले. गाडी अर्धी सुधारली. मग मी घरी पुन्हा उघडला. स्लो जेट काढून उजेडासमोर धरला तर भोक दिसतंय पण गोल नाही, एका बाजूने चंद्रकोरीसारखं बुजलेलं. हवा मारून ते निघत नाही. पुष्कळ जण इथे स्टीलची तार घालतात, कुणी क्लचच्या केबलीची एक तार सुट्टी करून घालतं, ते करू नका. पितळ मऊ असतं, भोक ओरबाडलं की त्याचं माप बदलतं आणि मग आयुष्यभर मिश्रण जुळत नाही. दादाच्या पोरांच्या गळाच्या डब्यात बारीक तंगूस, म्हणजे गळाची दोरी होती, तिचा तुकडा तिरपा कापून टोकदार केला आणि तो जेटमधून चार-पाच वेळा आरपार फिरवला. नायलॉन आहे, पितळेला ओरखडा पडत नाही. भोक गोल झालं. जेट बसवला, हवा-पेट्रोलचं प्रमाण लावायचा एअर स्क्रू काढण्याआधी किती वळशांवर होता ते मोजून ठेवलेलं, दीड आणि वर थोडा, तेवढ्यावर परत आणला. दुसऱ्या किकला गाडी चालू आणि चोकशिवाय फटफट उभी. मी खूश, दादा खूश, वहिनीने कोळंबी दिली.

दुसऱ्या दिवशी आसूदच्या चढाला गाडी बंद.

इथून खरं प्रकरण सुरू होतं. दादाचं सांगणं असं, की हर्णैपासून चढ लागेपर्यंत गाडी मस्त, चढाला तिसऱ्या गिअरमध्ये मध्येच मिसिंग मारायला लागते, मग कुणीतरी मागून कॅरियर धरल्यासारखी ओढ जाते आणि बंद. दोन-तीन मिनिटं थांबलं की एका किकला चालू. परत दोन-तीन किलोमीटर ठीक, परत तेच. दापोलीला पोचेपर्यंत तीन वेळा. मी विचारलं चोक ओढून बघितलास का, तर बोलला चोकने थोडी धक्के देत पुढे जाते आणि मग बंदच होते. चोकने हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय हे नक्की, पण इथेच आमची सगळ्यांची गाडी रुळावरून घसरली, कारण पेट्रोल कमी पडतंय म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द, कार्बेटर. नुकताच उघडला होता ना, मग त्यातच काहीतरी राहिलंय.

गॅरेजवाल्याने परत उघडला. प्लग बदलला. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी-सोडणारी फ्लोटची निडल बदलली. दारात उभी करून फुल रेस दिली, गावातून एक चक्कर मारली, काही नाही, मक्खन. दुसऱ्या दिवशी चढाला बंद. मग त्याने निदान सांगितलं की बॉडी झिजली आहे, नवीन कार्बेटर टाका. दादाने हजाराच्या वर घालवून बाजारातला एक नवा कार्बेटर टाकला, कुठल्या कंपनीचा ते त्या खोक्यावर धड छापलेलंही नव्हतं. पंचावन्न-साठ देणारी गाडी पंचेचाळीसवर आली, सायलेन्सर काळा पडला, आणि चढाला बंद पडायची ती पडतच राहिली.

माझी पहिली चूक इथे. मला वाटलं पाणी. टाकीतलं पेट्रोल कॉकवरून, म्हणजे टाकीखालच्या नळावरून, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं, अर्धा तास ठेवलं, तर तळाला खरोखर बोटाच्या पेरभर वेगळा थर. झालं, मी जाहीर करून टाकलं की चोर सापडला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं असं असतं की ते थोडं पाणी आपल्यात जिरवून घेतं, पण हद्द ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात आणि तळाला जाऊन बसतात, आणि कॉक तर तळालाच असतो. शिवाय दादा पण सांगत होता की ज्या दिवशी टाकी फुल करतो त्या दिवशी जास्त त्रास, दीड किलोमीटरातच बंद, म्हणजे पंपावरचंच पेट्रोल खराब. सगळं कसं छान जुळत होतं. टाकी रिकामी केली, हलवून धुतली, थोडा गंज निघाला, कॉकची जाळी साफ केली, दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरलं. पाणी होतं हे खरंच आहे, ते काढायलाच हवं होतं. पण गाडी? दुसऱ्या दिवशी चढाला बंद.

त्या रात्री मी वैतागून वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं की ही गाडी नक्की कधी बंद पडते. आणि मग डोक्यात आलं की आपण इतके दिवस काय बिघडलंय तेवढंच विचारतोय, कधी बिघडतं ते कुणी धड विचारलंच नाही.

कार्बेटरचा दोष ॲक्सिलरेटरच्या जागेला बांधलेला असतो. थोडा पिळला की स्लो जेट आणि एअर स्क्रू. त्याच्या पुढे वर-खाली होणाऱ्या स्लायडरचा कापलेला भाग. पाव ते पाऊण पिळलेला असेल तर स्लायडरला लटकणारी लांब निडल. पाऊणच्या पुढे मेन जेट. ज्या जागेचा पार्ट खराब, त्या जागेला गाडी दर वेळी तेच करणार, पहिल्या मिनिटाला पण आणि विसाव्या मिनिटाला पण, घाटात पण आणि एसटी स्टँडसमोर पण. मूठ फिरवून नेमकी जागा कळत नाही म्हणून मी मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, शेजारच्या स्विचच्या डब्यावर दुसरा, आणि पेनाने पाव, अर्धा, पाऊण अशा रेघा मारल्या. पहाटे रिकामी गाडी घेऊन हर्णैच्या सपाट रस्त्यावर प्रत्येक रेघेवर दोन-दोन मिनिटं धरून चालवली. पाव ठीक, अर्धा ठीक, पाऊणला पण ठीक, आणि मग परत अर्ध्यावर आलो, जिथे दोन-तीन मिनिटांपूर्वी ठीक होती, तिथेच मिसिंग. जागा तीच पण वेळ वेगळी. मग हा जेटचा दोष कसा असेल? काहीतरी हळूहळू संपत होतं.

कार्बेटरच्या खालच्या वाटीला एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. मी कॉक बंद करून वाटीतलं सगळं पेट्रोल औषधाच्या बाटलीच्या मोजमापाच्या झाकणात काढलं, दहा मिलीचं झाकण, ते दीडपेक्षा थोडं जास्त भरलं. म्हणजे सोळा-सतरा मिली. साठच्या ॲव्हरेजने किलोमीटरला साधारण सतरा मिली लागतं, म्हणजे वरून येणारं पेट्रोल पूर्ण बंद झालं तरी सपाटीला गाडी किलोमीटरभर जाणार, लोड घेऊन चढाला त्याच्या निम्मं. दादा जे सांगत होता, की आधी मिसिंग, मग ओढ जाते, मग बंद, ते असंच होणार. पण वरून येणारं कमी का होतं? पाइप बदललेला, कॉकची जाळी मी स्वतः धुतलेली.

दुसऱ्या दिवशी मी दादाला मागे बसवलं, खिशात ते औषधाचं झाकण आणि छोटा स्क्रूड्रायव्हर, आणि निघालो. पाऊस आडवा. टाकी मुद्दाम फुल केलेली. आसूदचा चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात गाडीने मान टाकली. दादा खाली उतरला आणि काही न बोलता सरळ चावी काढून टाकीच्या झाकणाला लावायला गेला.

मी बोललो, थांब, हात लावू नको. काय करतोयस?

बोलला, पेट्रोल बघतो ना. रोज बघतो.

रोज बघतोस?

व्हय, बंद पडली की पहिलं झाकण उघडून बघतो, पेट्रोल असतंच, मग लावतो आणि किक मारतो, होते चालू.

मला घाम फुटला, त्या पावसात. दोन-तीन मिनिटं थांबलं की चालू होते, हे तो सांगत होता. झाकण उघडतो हे त्याने कधी सांगितलंच नाही कारण त्याच्या लेखी ते काही करणं नव्हतंच. मी बोललो आज उघडायचं नाही. घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो. पंधरा-वीस किका मारल्या, नाही. मग वाकून ड्रेन स्क्रू सोडला आणि खाली झाकण धरलं, कॉक चालूच. चार थेंब पडले आणि संपलं. वाटी कोरडी. फुल टाकी डोक्यावर आणि खाली कोरडं. मग दादाला बोललो, आता उघड.

फुस्स असा आवाज आला, सोड्याच्या बाटलीसारखा पण उलटा, आत हवा ओढल्याचा, आणि माझ्या हातातलं झाकण भरून पेट्रोल बोटांवरून वाहायला लागलं.

झाकणाच्या खाली प्लास्टिकची पिशवी होती. दुधाची पिशवी, दोन घड्या घालून टाकीच्या तोंडावर ठेवलेली आणि वरून झाकण दाबून लावलेलं. पावसाचं पाणी चावीच्या भोकातून टाकीत जाऊ नये म्हणून. आमच्याकडे जून लागला की निम्म्या गाड्यांना हे असतं, माझ्या बाइकला पण असायचं. मी टाकी रिकामी केली त्या दिवशी दादाने माझ्यासमोर ती पिशवी काढली होती, काम झाल्यावर परत ठेवली होती, आणि मी बघितलं होतं. रोज दिसणारी गोष्ट, तिच्याकडे कोण बघतं. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

टाकीतून जितकं पेट्रोल खाली जातं तितकी हवा वरून आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक वाट असते. ती बंद केली की आत हळूहळू ओढ तयार होते. या गाड्यांना पेट्रोलचा पंप नसतो, टाकी वर आणि कार्बेटर खाली, मध्ये फार तर वीत-दीड वीत उंची, तेवढ्याच वजनाने पेट्रोल उतरतं. एवढ्याशा जोराला अडवायला आत जराशी ओढ पुरते. आणि टाकी फुल असली तर वर हवा नावापुरतीच, थोडंसं पेट्रोल गेलं तरी ती लगेच ताणली जाते, म्हणून फुल टाकीला दीड किलोमीटर आणि अर्ध्या टाकीला तीन-चार. पंपवाल्याला आम्ही आठवडाभर उगाच शिव्या दिल्या. गॅरेजवाल्याकडे गाडी कधीच बंद पडली नाही ती याच कारणाने, तिथे गेलं की तो पहिलं काय करतो, तर झाकण उघडून टाकी हलवून पेट्रोल किती आहे बघतो. आजार तिथेच बरा होत होता, आणि त्याने मारलेली चक्कर तो परत उगवायच्या आत संपत होती.

मग प्रश्न उरला की पिशवी तर दादा वर्षानुवर्षं लावतोय, यंदाच का. तर मे महिन्यात टाकीचं लॉक बिघडलं म्हणून नवं झाकण बसवलेलं. जुन्या झाकणाचं रबर सुकून चिरलेलं, पिशवी ठेवली तरी चिरांमधून हवा आत जायचीच. नव्याचं रबर नवं, त्याने पिशवी काठाला अशी दाबून धरली की हवा जायला जागाच नाही. नुसत्या पिशवीने बंद पडली नसती, नुसत्या नव्या झाकणाने पण नाही. आणि त्यात नेमका त्याच सुमारास स्लो जेट बुजलेला, म्हणून सगळ्यांचं बोट कार्बेटरकडे. जेट साफ झाल्यावर पण बंद पडते म्हटल्यावर जेट अजून साफ झाला नाही असं आम्ही धरलं. दोन आजार असू शकतात हे डोक्यातच आलं नाही.

घरी येऊन खात्री म्हणून एकदा करून बघितलं, आणि कुणालाही ही शंका असेल तर हेच करा, फुकट आहे. इंजिन थंड असताना पाइप कार्बेटरकडून काढून बाटलीत सोडायचा, झाकण घट्ट, कॉक चालू. पिशवी असताना धार सुरू झाली, मग बारीक झाली, मग थेंब थेंब. पिशवी काढून, झाकण लावून परत केलं, धार बाटली भरेपर्यंत तशीच. आसपास कुणी विडी ओढत नाही ना एवढं बघा, आमच्याकडे आबा तेवढ्यात चूल पेटवायला निघाले होते.

त्यानंतर जुना कार्बेटर परत चढवला. चढवताना इंजिनकडच्या जोडाची ओ-रिंग हातात आली तर कडक होऊन चपटी झालेली, ती वीस रुपयांची नवी टाकली, कारण तिथून हवा घेतली की मिश्रण हलकं पडतं आणि गाडी सकाळी रेस वर-खाली करत बसते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण आधीच थोडं हलकं असतं, त्यात अजून हवा नको. एअर स्क्रू गाडी गरम झाल्यावर लावला. इथे एक लक्षात ठेवा, हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर फिरवलं की मिश्रण हलकं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, बाहेर फिरवलं की उलट, मिश्रण जड. नाव सगळे एअर स्क्रूच घेतात म्हणून गोंधळ होतो. मी पाव-पाव वळसा फिरवून जिथे रेस सगळ्यात वर आणि एकसारखी लागली तिथे ठेवला, मग बाजूच्या मोठ्या स्क्रूने रेस खाली आणली. आठ दिवसांनी प्लग काढला तर चहाच्या रंगाचा, नव्या कार्बेटरवर तो काजळीने काळा पडत होता. ॲव्हरेज परत सत्तावन्न-अठ्ठावन्न.

पावसाचा प्रश्न राहिलाच, कारण पाणी टाकीत जात होतं हे दादाचं खोटं नव्हतं, बाटलीत मी स्वतः बघितलं होतं. आता झाकणाच्या वरून जुन्या ट्यूबचा एक गोल तुकडा सैल घातलाय, छत्रीसारखा, पाणी बाजूने ओघळतं आणि हवेला वाट राहते. आठवड्यातून एकदा ड्रेन स्क्रू सोडून झाकणभर पेट्रोल काढून बघतो, तळाला गोळी दिसली तर पाणी, नाहीतर तेच पेट्रोल परत टाकीत.

टाकीच्या आत वरच्या बाजूला गंज आहे, टॉर्च मारला की दिसतो, तो धुऊन गेलेला नाही. गणपती झाले की टाकी उतरवून नीट साफ करायची आहे, तोपर्यंत पाइपमध्ये दहा-वीस रुपयांचा फिल्टर लावलाय. हजाराचा नवा कार्बेटर दादाच्या माळ्यावर, जाळ्यांच्या ढिगात, खोक्यासकट पडलाय.